टॅरोची रोजकीर्द आणि खतावणी : शिकणाऱ्याने वही कशी ठेवावी

टॅरो शिकायला लागून मला जेमतेम पाच महिने झाले होते, तेव्हा माझ्या मावसबहिणीने नोकरी बदलावी का, या प्रश्नावर माझ्याकडून तीन कार्डे काढून घेतली होती. वर्षभरानंतर ती घरच्या समारंभांत सांगू लागली की, "हिने तेव्हाच टॉवर काढला होता, आणि पुढच्या सहा महिन्यांत आमची कंपनी बंद पडली." मलाही तो टॉवर स्पष्ट आठवत होता : वीज पडलेला मनोरा, त्यातून खाली येणारी दोन माणसे आणि कार्ड पाहताच उतरलेला तिचा चेहरा. त्या दिवशीचा फोटो मात्र माझ्या फोनमध्ये राहून गेला होता. तो शोधून काढला तेव्हा त्यात टॉवर नव्हताच. फाइव्ह ऑफ कप्स, टू ऑफ पेंटॅकल्स आणि हर्मिट अशी तीन कार्डे होती. आम्हा दोघींपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते, आणि म्हणूनच ती गोष्ट मला जास्त लागली. त्या तीन कार्डांचा अर्थ मी तिला काय सांगितला होता, हे तर आता कोणालाच सांगता येणार नव्हते, कारण फोटोत कार्डे होती पण माझे शब्द नव्हते.

घडून गेल्यावर "हे आधीच कळले होते" असे वाटणे हा मनाचा जुना स्वभाव आहे. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये त्यावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर निघाले, तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले की या दौऱ्यांत अमुक गोष्ट घडण्याची शक्यता किती. दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना स्वतःचे आधीचे आकडे आठवून सांगायला लावले, तेव्हा जे घडले त्याबद्दलचा आपला अंदाज मुळात होता त्यापेक्षा मोठा होता, असे त्यांना आठवू लागले. टॅरो शिकणाऱ्याला हा धोका रोजच असतो. कार्डांत भविष्य दिसते असे कोणी मानो, किंवा कार्डे हे आपल्याच मनाशी बोलण्याचे साधन आहे असे मानो, दोघांनाही शिकायचे असेल तर कालचे वाचन, म्हणजे कार्डांचा काल लावलेला अर्थ, काल जसे होते तसेच आज समोर हवे. वही त्यासाठी आहे, आणि पुढची सगळी पद्धत या एका गरजेतून आली आहे.

दोन वह्या

जुन्या दुकानदारीत दोन चोपड्या असत. दिवसभरात जे घडले ते त्याच क्रमाने रोजकीर्दीत उतरायचे, आणि मग सवडीने ज्याचे त्याच्या नावावर खतावणीत मांडायचे. टॅरोच्या वहीला हीच मांडणी सर्वांत सोयीची पडते, असे मी दोन-तीन वेगळे प्रकार करून पाहिल्यावर ठामपणे सांगेन. एकाच वहीत सगळे लिहिले की सहा महिन्यांनी "एट ऑफ कप्स आत्तापर्यंत कधी कधी आले होते?" या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला अख्खी वही चाळावी लागते, आणि तो कंटाळा एकदा आला की मागे वळून पाहणे थांबते. फक्त कार्डांची वही ठेवली, तर पुस्तकातले अर्थ उतरवून काढण्यापलीकडे काही होत नाही.

खतावणीसाठी दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची लांब वही घ्यावी. कार्डे ७८ असतात : २२ मेजर अर्कानाची, म्हणजे टॉवर, हर्मिट अशी स्वतंत्र नावांची, आणि ५६ मायनर अर्कानाची, म्हणजे वॉन्ड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स या चार गटांतली. प्रत्येक कार्डाला समोरासमोरची दोन पाने दिली तर १५६ पाने होतात. पहिली दहा पाने नियमांसाठी आणि अनुक्रमणिकेसाठी ठेवावीत, आणि उरलेली चौतीस शेवटी, मांडण्यांच्या (एका प्रश्नावर एकत्र काढलेल्या कार्डांच्या) आणि प्रश्नांच्या नोंदींसाठी. लिहायला सुरुवात करण्यापूर्वी एका बैठकीत सगळ्या पानांना क्रमांक घालावेत आणि प्रत्येक कार्डाचे नाव त्याच्या पानावर लिहून टाकावे. हे काम तासाभराचे आहे आणि कंटाळवाणे आहे, पण ते झाले की वहीत कुठलीही नोंद कधीही बेवारशी राहत नाही.

रोजकीर्दीला कसलीही वही चालते; फक्त तिची पाने सुटी नसावीत. सुटी पाने बदलता येतात, आणि बदलता येतात हेच त्यांच्याविरुद्धचे माझे म्हणणे आहे. फोनमधल्या नोंदींचेही तसेच आहे. शोधायला त्या फार सोप्या आहेत हे मान्य, पण आठवड्यानंतर वाक्यातला "कदाचित" खोडून "नक्की" करायला तिथे एक क्षण पुरतो आणि मागे खूण राहत नाही. ज्यांना फोनच सोयीचा वाटतो त्यांनी निदान हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे वही हरवण्याची भीतीही उरत नाही.

पूर्ण नावे रोज लिहिणे जमत नाही, म्हणून पहिल्या पानावर आपली संक्षिप्त लिपी ठरवून टाकावी. मी वॉन्ड्ससाठी वॉ, कप्ससाठी क, स्वोर्ड्ससाठी स्व आणि पेंटॅकल्ससाठी पें लिहिते; एक ते दहा जसेच्या तसे, आणि पेज, नाइट, क्वीन, किंग यांना ११ ते १४. मेजर अर्काना म्हणजे मे-० ते मे-२१. उलटे, म्हणजे चित्राचे डोके खाली करून आलेल्या कार्डापुढे "उ". याच पानावर आपण कोणता डेक (कार्डांचा संच) वापरतो तेही लिहावे. ही बारीक गोष्ट वाटते, पण जुन्या मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये आठवे कार्ड जस्टिस आणि अकरावे स्ट्रेंग्थ असते, तर लंडनमध्ये १९०९ साली निघालेल्या रायडर-वेट डेकमध्ये या दोघांची जागा अदलाबदल केलेली आहे. नुसते "मे-८" लिहिले आणि पुढे डेक बदलला, तर दोन वेगळी कार्डे एकाच पानावर येऊन बसतात.

आधी पाहणे, मग पुस्तक

खतावणीतल्या प्रत्येक कार्डाच्या डाव्या पानाचा वरचा अर्धा भाग स्वतः पाहिलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवावा, आणि तो भरेपर्यंत त्या कार्डापुरते पुस्तक उघडू नये. वहीच्या सगळ्या नियमांत नवशिक्यांना हाच सर्वांत जड जातो, कारण चूक होण्याची भीती वाटते. पण इथे अर्थ लिहायचाच नाही. चित्रात काय आहे एवढेच लिहायचे आहे, आणि त्यात चूक व्हायला फारशी जागा नाही.

रायडर-वेट डेक शिकणाऱ्यांना ही सोय पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने करून दिली. गूढविद्येवर लिहिणारे आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून तिने हा डेक रंगवला, आणि एक ते दहा अंकांच्या साध्या पत्त्यांवरही माणसे, घरे, नद्या असलेली पूर्ण दृश्ये काढली. मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये आठ पेले म्हणजे फक्त आठ पेले आणि थोडी वेलबुट्टी असते. बहुतेक कार्डांच्या खालच्या कोपऱ्यात तिची एकमेकांत गुंतवलेल्या अक्षरांची सही आहे. मी शिकणाऱ्यांना पहिले काम तेच सांगते : कार्डावरची सही शोधा. सही शोधताना नजर आपोआप गवतावर, पाण्यावर, वस्त्राच्या टोकावर फिरते, आणि जे मुख्य आकृतीच्या मागे दडलेले असते ते दिसू लागते.

एट ऑफ कप्स घेऊन बसले तेव्हा माझ्या डाव्या पानावर काय उतरले, ते इथे तसेच देते. "लाल वस्त्र घातलेला माणूस पाठमोरा, हातात काठी, डोंगराकडे निघालेला. चेहरा दिसत नाही. पुढे आठ पेले : खालच्या ओळीत पाच, वरच्या ओळीत तीन. वरच्या ओळीत मध्येच एक जागा रिकामी. एकही पेला पडलेला नाही, सांडलेला नाही. वर चंद्र, त्याला चेहरा आहे आणि तो खाली पाहतो आहे. पाणी आहे. घर कुठेच नाही." या वर्णनात एकही अर्थ नाही. तरीही पुढे पुस्तकात "त्याग, निघून जाणे, निराशा" असे वाचले तेव्हा मला विचारता आले की, निराश माणूस पेले इतके नीट रचून का ठेवील, आणि ती रिकामी जागा नवव्या पेल्याची आहे का. पुस्तक आधी वाचले असते तर मला फक्त "निराशा" दिसली असती.

वर्णन करताना थोडा ठरलेला क्रम ठेवला तर काही निसटत नाही : माणसे किती आणि कोणाची तोंडे कुठे, हातांत काय, पायांखाली काय, आकाश कसे, पाणी आहे का, आणि चित्रात काय असायला हवे होते पण नाही. शेवटचा प्रश्न विसरू नये. दहा मिनिटे पुरतात. त्यानंतर त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात पुस्तकातला अर्थ दोन-तीन ओळींत लिहावा आणि तो कोणत्या पुस्तकातला किंवा कोणत्या शिक्षकांनी सांगितलेला, हेही नोंदवावे. वर्षभराने दोन अर्थ एकमेकांशी भांडू लागले की कोणाचे कोणते, हे कळायला हवे. उजवे पान पूर्ण कोरे ठेवायचे. ते रोजकीर्दीतून भरत जाईल.

रोजचे एक कार्ड

रोज सकाळी एक कार्ड काढणे हा अभ्यास जवळजवळ सगळेच शिक्षक सांगतात. काढलेले कार्ड परत डेकमध्ये घालायचे की नाही, हे मात्र क्वचितच कोणी सांगते, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्याने मोठा फरक पडतो. कार्ड रोज परत घालून नव्याने पिसले तर ७८ दिवसांनंतरही सरासरी अठ्ठावीस-एकोणतीस कार्डे एकदाही समोर आलेली नसतात, आणि सगळी ७८ किमान एकदा यायला सरासरी ३८५ दिवस लागतात. म्हणून पहिली फेरी कार्ड परत न घालता करावी. काढलेली कार्डे वेगळ्या पेटीत ठेवत जावे. ७८ दिवसांत प्रत्येक कार्डाशी एक सकाळ आणि एक संध्याकाळ घालवून होते. दुसऱ्या फेरीपासून मात्र रोज पूर्ण डेक पिसावा.

याच हिशेबाची दुसरी बाजूही वहीच्या नियमांच्या पानावर लिहून ठेवण्यासारखी आहे. एखादे कार्ड आठवड्यात दुसऱ्यांदा आले की मन लगेच म्हणते, हे माझा पाठलाग करते आहे, यात काही इशारा आहे. पूर्ण डेक रोज पिसून काढणाऱ्याला अकरा दिवसांत कोणते ना कोणते कार्ड पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. परत आलेल्या कार्डाकडे अधिक लक्ष द्यायला काहीच हरकत नाही, कारण ते पुन्हा पाहण्याची संधी मिळालेली असते. फक्त ते येणे हाच चमत्कार आहे असे वहीत लिहू नये.

रोजची नोंद दोन भागांत लिहायची असते. सकाळचा भाग : तारीख, वेळ, झोप आणि मनःस्थिती एका शब्दात, कार्ड, नजरेला सर्वांत आधी काय पडले, त्यावरून एक वाक्याचे वाचन, आणि एक अंदाज. रात्रीचा भाग : दिवसात प्रत्यक्ष काय घडले ते दोन-तीन ओळींत, आणि त्यानंतर सकाळचा अंदाज जुळला की नाही. रात्रीचा भाग लिहिताना आधी दिवस लिहावा आणि मगच सकाळच्या ओळी पुन्हा वाचाव्यात. उलटे केले तर दिवसातल्या शंभर गोष्टींतून कार्डाला साजेशी तेवढी एक गोष्ट आपण निवडतो.

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे : "१४ जून, सकाळी ६.५०. झोप कमी. क-८. नजरेला आधी : पेले नीट रचलेले. वाचन : आज काहीतरी सोडावे लागेल, पण ते मोडलेले नसेल. अंदाज : दुपारच्या बैठकीत आमचा जुना प्रस्ताव मागे घ्यावा लागेल." आणि खाली हिरव्या शाईत : "रात्री १०.१५. बैठक झालीच नाही. संध्याकाळी आईकडे गेले होते, फोन आला म्हणून वाढलेल्या ताटावरून उठून निघावे लागले. अंदाज चुकला. रचलेले तसेच सोडून निघणे घडले, पण ते मी सकाळी म्हटले नव्हते, म्हणून जुळले असे लिहीत नाही."

शेवटचे वाक्य लिहायला मला जड गेले होते, कारण ताटाची गोष्ट कार्डाशी किती सुंदर जुळत होती! तरीही ते वाक्य तिथे आहे म्हणूनच ती नोंद आज कामाची आहे. ताटाची गोष्ट वाया गेली नाही. ती पुढच्या रविवारी खतावणीच्या उजव्या पानावर गेली आणि त्या कार्डाच्या माझ्या समजुतीत एक नवी बाजू आली. पण अंदाज चुकला तो चुकलाच.

शाईचा नियम

काढतानाची नोंद निळ्या शाईत, नंतरचे सगळे हिरव्या किंवा तांबड्या शाईत, आणि कोणतीही ओळ खरवडून किंवा पांढरा रंग लावून पुसायची नाही. लिहिण्यातच चूक झाली असेल तर वाचता येईल अशी एकच रेघ मारावी. चुकलेला दिवस मागाहून भरू नये. त्या तारखेपुढे "खंड" एवढेच लिहावे. चार दिवसांच्या नोंदी रविवारी बसून आठवून लिहिणाऱ्याची वही दिसायला पूर्ण दिसते आणि आतून पोकळ असते.

कोरडे तपशील आधी लिहावेत, असा माझा आग्रह आहे : कोणत्या दिवशी, कोणासाठी, कोणती कार्डे. टॅरोच्या पत्त्यांचा आज माहीत असलेला सर्वांत जुना लेखी उल्लेख एका रोजनिशीतच सापडतो. इटलीतील अंगियारी गावच्या जुस्तो जुस्ती या नोटरीने १६ सप्टेंबर १४४० रोजी लिहून ठेवले की त्याने सिगिसमोंदो मालातेस्ता यांना ट्रिओन्फीच्या (टॅरोचे तेव्हाचे नाव) पत्त्यांचा एक संच दिला, जो त्याने फ्लॉरेन्समध्ये करवून घेतला होता. तेव्हा हे पत्ते खेळण्यासाठीच होते. त्यांत गूढ अर्थ आहे असे म्हणणारे लिखाण पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेब्लँ यांच्या हातून १७८१ मध्ये आले. जुस्तीने काय दिले, कोणाला, कधी, एवढेच लिहिले. त्याने त्यावर काही भाष्य केले असते तर तेही वाचले असते, पण पत्त्यांचा इतिहास शोधणाऱ्यांना पायावर उभे करते ती तारीख आणि ते नाव.

मांडणीची नोंद

तीन कार्डांच्या किंवा त्याहून मोठ्या मांडणीसाठी चार गोष्टी कार्ड काढण्यापूर्वी वहीत उतरलेल्या असाव्यात : प्रश्न ज्या शब्दांत विचारला त्याच शब्दांत, मांडणीतील प्रत्येक जागेचा अर्थ, उलटी कार्डे धरायची की नाही, आणि उत्तर तपासायची तारीख. जागांचे अर्थ आधी लिहिण्याचे कारण असे की, पुस्तकागणिक ते बदलतात. दहा कार्डांच्या केल्टिक क्रॉस या मांडणीत तर काही जागांचा क्रम आणि नावे वेगवेगळे लेखक वेगळी सांगतात, आणि कार्डे समोर आल्यानंतर आपल्याला हवे ते नाव त्या जागेला देण्याचा मोह होतो. शिकणाऱ्याने पहिले सहा महिने तीन कार्डांच्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा कार्डांत इतक्या वाटा फुटतात की कोणतेही वाचन कशाशीही जुळवता येते.

प्रश्न लिहिताना तो कार्डाला झेपेल असा करावा. "माझे लग्न कधी होईल?" या प्रश्नाची नोंद तपासताच येत नाही, कारण ते झाले नाही तोवर वाचन चूकही ठरत नाही. "या महिन्यात आलेल्या स्थळाशी बोलताना मी कोणती गोष्ट टाळते आहे?" असे विचारले तर महिन्याअखेरीस आपल्याच वागण्याकडे पाहून उत्तर पडताळता येते. पहिला प्रश्नही वहीत लिहून ठेवावा, कारण माणूस मुळात काय विचारायला आला होता हे विसरणे बरे नव्हे, पण कार्डे दुसऱ्यावर काढावीत.

कार्डे उघडल्यावर आधी सगळी शांतपणे पाहून पहिले वाक्य लिहावे, बोलण्याच्याही आधी. मग कार्डांनी एकमेकांकडे पाहिले आहे का, पाठ फिरवली आहे का, कोणता गट जास्त आहे, हे पाहावे आणि पूर्ण वाचन सहा-सात ओळींत लिहावे. लांबलचक वाचनात सगळेच येते. सर्वांत शेवटी लिहायची ओळ अशी : "हे वाचन चूक ठरेल, जर..." बहीण नोकरी बदलण्याबद्दल विचारत होती तेव्हा मी ही ओळ लिहिली असती, तर टॉवर आमच्या आठवणीत शिरलाच नसता.

मन अस्वस्थ असताना एकाच प्रश्नावर पुन्हा पुन्हा कार्डे काढली जातात. एका वाईट रात्री मी एकाच गोष्टीवर पाच वेळा तीन-तीन कार्डे काढली आणि जी मांडणी दिलासा देणारी निघाली तेवढीच दुसऱ्या दिवशी वहीत लिहिली. पुढे तीन महिन्यांनी ती नोंद मला फार अचूक वाटली, आणि मग बाकीच्या चार आठवल्या. तेव्हापासून नियम असा आहे की तोच प्रश्न महिन्याच्या आत विचारायचा नाही, आणि विचारलाच तर काढलेली प्रत्येक मांडणी लिहायची, न आवडलेलीसुद्धा, "पुन्हा काढले" असा शेरा देऊन. वही इथे शिकणाऱ्याला स्वतःपासून वाचवते.

उलट्या कार्डांबद्दल फार लिहीत नाही. ती धरावीत की न धरावीत, यावर दोन्ही बाजूंचे चांगले रीडर आहेत. एक निर्णय घ्यावा, तो तारखेसह पहिल्या पानावर लिहावा, आणि किमान एक ७८ दिवसांची फेरी तो बदलू नये.

रविवारची खतावणी

आठवड्यातून एकदा अर्धा तास काढून रोजकीर्दीतल्या नोंदी कार्डांच्या उजव्या पानांवर उतरवाव्यात. पूर्ण नोंद नको. तारीख, रोजकीर्दीचा पान क्रमांक आणि एक ओळ पुरे. माझ्या एट ऑफ कप्सच्या उजव्या पानावर दीड वर्षात सात ओळी झाल्या. त्यांतल्या तीन अशा : "ताट सोडून निघणे, पान ३१." "क्लासची शिकवणी पुरी झाली, रडू आले नाही, पान ५८." "मैत्रिणीसाठी. ती जाणार म्हणत होती, गेली नाही, पान ७४." तिसरी ओळ पुस्तकातल्या अर्थाच्या विरुद्ध आहे आणि ती तिथे असणे मला मोलाचे वाटते. सात ओळी एकाखाली एक वाचल्या की "निराशा" हा शब्द या कार्डाला माझ्या हातून फारसा लागलाच नाही, हे दिसते; "पुरे झाले" हा शब्द मात्र चार वेळा आला आहे. हा अर्थ मी ठरवला नव्हता. तो पानावर साचत गेला.

काही पाने कोरीच राहतात. त्यांच्याकडेही पाहावे. दोनदा येऊनही ज्या कार्डापुढे काही लिहावेसे वाटले नाही, ते घेऊन पुन्हा दहा मिनिटे नुसते वर्णन करावे.

पडताळणी

तपासण्याची तारीख आली की तीनच खुणा वापराव्यात : जुळले, जुळले नाही, सांगता येत नाही. प्रामाणिक वहीत तिसरी खूण सर्वांत जास्त दिसते, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. वाचन अधिक नेमके कसे लिहावे, हे त्याच नोंदींतून शिकता येते.

जुळण्याच्या खुणांबद्दल मात्र कडक राहावे. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाच्या हाती "तुझे" म्हणून स्वभाववर्णन ठेवले. वर्णन किती लागू पडते, याला विद्यार्थ्यांनी पाचांपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले. सगळ्यांना मिळालेले वर्णन एकच होते, आणि त्यातली वाक्ये बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतली होती. "तुमच्यात पुष्कळ क्षमता आहे, पण ती अजून वापरली गेलेली नाही" या धर्तीची वाक्ये आपल्या वाचनांत किती आहेत, हे महिन्यातून एकदा अधोरेखित करून पाहावे. ज्या वाक्याखाली रेघ आली ते शेजारणीलाही लागू पडले असते, असे समजावे.

याहून थेट कसोटी मी दर तीन महिन्यांनी घेते. रोजकीर्दीतली दहा सकाळची वाचने, तारीख आणि कार्ड न लिहिता, दहा चिठ्ठ्यांवर उतरवते. त्याच दहा दिवसांच्या रात्रीच्या नोंदी दुसऱ्या दहा चिठ्ठ्यांवर. महिनाभर त्या डब्यात ठेवते, म्हणजे कोणती कोणाची ते विसरायला होते, आणि मग जोड्या लावते. डोळे मिटून लावल्या तरी सरासरी एक जोडी बरोबर येते. म्हणून एक जोडी जुळली तर त्याला काही अर्थ नाही. पहिल्या वेळी माझी एक जुळली. मी खूप खट्टू झाले होते. पण न जुळलेल्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या तेव्हा कळले की त्यांतल्या सहा वाचनांत "बदल", "संयम" आणि "नवी सुरुवात" हेच तीन शब्द फिरत होते. ते शब्द मी तीन महिने वापरायचे नाहीत असे ठरवले, आणि माझे वाचन खऱ्या अर्थाने तिथून सुधारले, कारण आता मला चित्राकडे पुन्हा पाहून दुसरे काहीतरी म्हणावे लागत होते.

दुसऱ्यांसाठी काढलेली कार्डे

दुसऱ्याचे वाचन लिहिण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी आणि वहीत नाव लिहू नये. एखादे अक्षर किंवा खूण पुरते, आणि ती कोणाची हे कुठेही लिहून ठेवू नये. फोटो काढायचा तर कार्डांचाच काढावा. आजारपण, गर्भारपण, कोर्टकचेरी आणि घरात नसलेल्या तिसऱ्या माणसाच्या मनात काय आहे, असे प्रश्न शिकणाऱ्याने घेऊच नयेत. त्या माणसाला डॉक्टरकडे किंवा वकिलाकडे पाठवावे आणि वहीत "घेतले नाही" अशी नोंद करावी. वही कुलपात ठेवावी. त्यात लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी असतात.

वाचन झाल्यावर समोरच्याला एकच विनंती करावी : ठरलेल्या तारखेला काय झाले ते कळवावे, मी काय म्हटले होते ते आठवून नव्हे. त्याने कळवलेले त्याच्या शब्दांत हिरव्या शाईत उतरवावे. आणि त्याने आठवणीतून "तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात" असे सांगितले, तर वही उघडून ती ओळ त्याला वाचून दाखवावी, ती आपल्या बाजूची असो की नसो.

खतावणी भरत आली की नवी घ्यावी. माझी पहिली तीन वर्षांत भरली. नव्या वहीत डाव्या पानाचे वर्णन जुन्यावरून उतरवायचे नाही. पुन्हा कार्ड समोर ठेवून दहा मिनिटे पाहायचे आणि नव्याने लिहायचे, मग दोन्ही पाने शेजारी ठेवायची. एट ऑफ कप्सच्या नव्या पानावर मी लिहिले आहे : "चंद्र खाली पाहतो आहे, पण त्याचे डोळे मिटल्यासारखे वाटतात." हे जुन्या पानावर नव्हते. दोन्ही वाक्यांच्या तारखा समासात आहेत.